शून्यापासून मोजणारी वाद्ये

काही महिन्यांपूर्वी, आमच्या संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी, एक संशोधक विद्यार्थी आपला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर उचलून माझ्या प्रयोगशाळेत घेऊन आला. तक्रार साधी होती. अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या पेडलबोर्डवरचे, म्हणजे पायाने दाबायच्या बटणांच्या पट्टीवरचे, कोणतेही बटण दाबले तरी चॅनेल बदलत नव्हते. दुकानात दाखवल्यावर ‘आतले अख्खे सर्किट बदलावे लागेल’ असे उत्तर मिळाले होते. खर्च इतका, की एका महिन्याच्या शिष्यवृत्तीत भागणारा नव्हता.

ज्यांचा विद्युत गिटारशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज घडवणारे एकापेक्षा अधिक मार्ग असतात. एका मार्गाने गेलेला सूर स्वच्छ राहतो. दुसऱ्या मार्गात तो इतका वर्धित केला जातो, की तरंगांचे माथे कापले जातात आणि रॉक संगीतात ऐकू येणारा खरखरीत, दणदणीत आवाज तयार होतो. या मार्गांना ‘चॅनेल’ म्हणतात. वादकाचे दोन्ही हात तारांवर गुंतलेले असल्याने एका चॅनेलवरून दुसऱ्यावर जाण्याचे काम पायाने करावे लागते.

दोष शोधायला आम्हांला तासभर लागला. स्क्रूड्रायव्हर हातातही घ्यावा लागला नाही, कारण दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नव्हता आणि पेडलबोर्डमध्येही नव्हता. तो या दोघांच्या मधल्या भाषेत होता. या भाषेचे नाव ‘मिडी’. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या चार शब्दांची ती आद्याक्षरे. ही भाषा १९८१ ते १९८३ या काळात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून घडवली. त्या वेळी काय ठरले आणि काय ठरवायचे राहिले, हे कळल्याशिवाय आमचा दोष समजण्यासारखा नव्हता. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

एक सूर, दोन हिशेब

१९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने विद्युतदाबावर चालणारा सिंथेसायझर तयार केला. त्यात सुराची उंची विद्युतदाबाने ठरे. दाब १ व्होल्टने वाढवला, की सूर एका सप्तकाने वर जाई, म्हणजेच त्याची वारंवारता दुप्पट होई. समजा १ व्होल्टला ११० हर्ट्झचा सूर मिळत असेल, तर २ व्होल्टला २२० आणि ३ व्होल्टला ४४० हर्ट्झचा सूर मिळेल.

काही जपानी कंपन्यांनी आपल्या अनेक वाद्यांत निराळा हिशेब वापरला. तेथे वारंवारता विद्युतदाबाच्या सरळ प्रमाणात असे. ११०, २२० आणि ४४० हर्ट्झसाठी १, २ आणि ४ व्होल्ट लागत. पहिल्या पद्धतीत समान बेरजेने सप्तक चढते, दुसऱ्या पद्धतीत समान गुणाकाराने. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु एका पद्धतीची पट्टी दुसऱ्या पद्धतीच्या वाद्याला जोडली, तर एखाद-दुसरा सूर जुळतो आणि बाकीचे बेसूर होतात. सूर सुरू करण्याची खूणही सारखी नव्हती. काही वाद्ये त्यासाठी विद्युतदाब वाढवत, तर काही तार जमिनीशी जोडून तो शून्यावर आणत.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजेच मायक्रोप्रोसेसर, स्वस्त झाले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘सिक्वेन्शियल सर्किट्स’ या छोट्या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी ‘प्रॉफेट-५’ हा सिंथेसायझर बाजारात आणला. वादकाने जुळवलेला आवाज या वाद्याच्या स्मृतीत साठवता येई आणि नंतर नुसता क्रमांक निवडून पुन्हा मिळवता येई. ‘अमुक क्रमांकाचा आवाज लाव’ ही आज्ञा येथे संगीतात रुळली. आपल्या गोष्टीत ती पुढे येणार आहे.

वाद्यांत संगणक आल्यामुळे ती एकमेकांशी आकड्यांत बोलू शकतील अशी शक्यता निर्माण झाली. पण प्रत्येक कंपनीने आपली स्वतंत्र भाषा काढली. जुने भांडण नव्या रूपात उभे राहिले.

स्पर्धकांचा करार

हे भांडण मिटवण्यासाठी पुढाकार घेतला तो जपानमधील ‘रोलँड’ कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. घड्याळे दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या या गृहस्थांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील टॉम ओबरहाइम आणि डेव्ह स्मिथ या उत्पादकांपुढे समाईक भाषेची कल्पना मांडली. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत स्मिथ यांनी सहकारी चेट वुड यांच्यासह न्यूयॉर्क येथे ‘ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’च्या अधिवेशनात त्याचा पहिला आराखडा सादर केला. त्यात सेकंदाला १९,२०० बिटांचा वेग सुचवला होता.

जानेवारी १९८२ मध्ये अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी या विषयावर एकत्र बसले. त्यानंतर बहुतेक अमेरिकी कंपन्यांचा उत्साह मावळला. काम पुढे नेले ते सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड, यामाहा, कोर्ग व कावाई या चार जपानी कंपन्यांनी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे वाद्य-व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात सिक्वेन्शियलचा ‘प्रॉफेट-६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर-६’ ही दोन वाद्ये एका केबलने जोडण्यात आली. एकाची पट्टी दाबली आणि दुसरेही वाजू लागले. त्याच वर्षी मिडीचा पहिला अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. तो वापरण्यासाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागत नव्हते.

या कराराची किल्ली काटकसरीत होती. महागड्या जोडणीचा आग्रह धरला असता, तर स्वस्त वाद्ये बनवणारे बाहेर राहिले असते. म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरला असे तसा पाच पिनांचा साधा गोल प्लग निवडला गेला. वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. हा आकडा विचित्र वाटतो, पण १० लाखांना ३२ ने भागले की तो मिळतो. त्या काळच्या प्रक्रियकांच्या १ मेगाहर्ट्झच्या स्पंदांना पाच वेळा निम्मे केले, की हा वेग फारशा खर्चाशिवाय हाती येई.

आणखी एक निर्णय विज्ञानशिक्षकांना आवडेल असा आहे. दोन वाद्यांमध्ये विजेची थेट जोडणी ठेवायची नाही, असे ठरले. पाठवणाऱ्याकडून आलेला सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह ग्रहण करणाऱ्या यंत्रात एक छोटा एल.ई.डी. पेटवतो. समोर बसवलेला प्रकाशसंवेदी घटक ती उघडझाप वाचतो. संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो, वीज अलीकडेच राहते. त्यामुळे दोन यंत्रांच्या जमिनी एकमेकींना जोडल्या जाऊन आवाजात घुमणारी गुणगुण या वाटेने शिरत नाही.

हजेरी घेणारी तार

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, आज्ञा जातात. हे नीट समजले की पुढचे सोपे होते.

प्रत्येक आज्ञेची सुरुवात आठ बिटांच्या एका बाइटने होते. त्यातला पहिला बिट १ असतो. ‘ही नवी आज्ञा आहे’ अशी ती खूण. पुढचे तीन बिट आज्ञेचा प्रकार सांगतात. उरलेले चार बिट ती कोणासाठी आहे हे सांगतात. चार बिटांतून १६ वेगवेगळे क्रमांक बनतात. यांना मिडीत ‘चॅनेल’ म्हणतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅनेलचा, म्हणजे आवाजाच्या मार्गाचा, या चॅनेलशी काडीचाही संबंध नाही.

मिडीचे चॅनेल म्हणजे हजेरीपटावरचा क्रमांक. वर्गात शिक्षक ‘क्रमांक दोन’ म्हणतात ते सर्वांना ऐकू येते, पण दखल फक्त क्रमांक दोनचा विद्यार्थी घेतो. त्याचप्रमाणे एकाच तारेवर ओळीने अनेक वाद्ये जोडलेली असली, तरी प्रत्येक वाद्य आपल्या क्रमांकाच्या आज्ञा तेवढ्या पाळते.

फरक एकच, पण महत्त्वाचा आहे. वर्गातला विद्यार्थी ‘हजर’ म्हणतो. मिडीच्या तारेत मात्र संदेश एकाच दिशेने जातो. ग्रहण करणारे यंत्र ऐकले असे सांगत नाही, समजले नाही असेही सांगत नाही. उलट बोलायचे, तर दुसरी तार लागते. १९८३ मध्ये हा साधेपणा आवश्यक होता. पण दोष निर्माण झाला, की याच कारणाने समोर फक्त शांतता उरते.

आवाज बदलण्याच्या आज्ञेला दोन बाइट लागतात. पहिल्यात आज्ञेचा प्रकार आणि हजेरीचा क्रमांक, दुसऱ्यात हव्या त्या आवाजाचा क्रमांक. दुसऱ्या बाइटचा पहिला बिट ० ठेवावा लागतो, म्हणून मोजायला सात बिट उरतात आणि ० ते १२७ असे १२८ क्रमांक मिळतात. प्रत्येक बाइटला सुरुवात व शेवट दाखवणारे आणखी दोन बिट जोडले जातात. म्हणजे एकूण २० बिट. ३१,२५० च्या वेगाने त्यांना ६४० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम २२ सेंटिमीटर पुढे जातो.

गिटारवादकाने उसनी घेतलेली भाषा

ही सारी व्यवस्था पट्टीच्या वाद्यांसाठी होती. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर तिच्यात मागाहून आला.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये दोन चॅनेल असले, तर बहुधा दोन निराळी सॉकेटे असत. एकातून प्लग काढून दुसऱ्यात घालावा लागे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील ‘मेसा-बूगी’ या कंपनीचे रँडल स्मिथ यांनी (डेव्ह स्मिथ यांच्याशी आडनावाचेच साम्य) पायाच्या बटणाने चॅनेल बदलता येतील असे अ‍ॅम्प्लिफायर आणले. अशा बटणात एक मंडल जोडले जाते किंवा तुटते, एवढेच. पुढे चॅनेल वाढले, घुमारा आणि प्रतिध्वनी देणारी उपकरणे आली. प्रत्येकासाठी निराळे बटण, निराळी तार आणि गाण्याच्या मध्येच तीन-चार बटणांवर नाचणारा पाय, अशी अवस्था झाली.

मिडीने हा गुंता सोडवला. एक बटण दाबले, की ‘क्रमांक अमुक’ एवढीच आज्ञा तारेतून जाते. त्या क्रमांकाला कोणते चॅनेल लावायचे, हे अ‍ॅम्प्लिफायरच्या स्मृतीत नोंदलेले असते. करारात या क्रमांकांना अर्थ दिलेला नव्हता. म्हणूनच सिंथेसायझरसाठी घडलेली आज्ञा अ‍ॅम्प्लिफायरला जशीच्या तशी वापरता आली.

पहिला दोष

आता प्रयोगशाळेत परत येऊ. आम्ही एका वेळी एकच गोष्ट तपासायची असे ठरवले.

आधी अ‍ॅम्प्लिफायरवरचीच बटणे दाबून पाहिली. चारही चॅनेल व्यवस्थित बदलले. म्हणजे आतले रिले आणि आवाजाचे मार्ग शाबूत होते. सर्किट बदलण्याची निकड इथेच संशयास्पद ठरली.

मग केबल. पेडलबोर्डच्या ‘आउट’ सॉकेटमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘इन’ सॉकेटमध्ये ती योग्य रीतीने जोडलेली होती. दुसरी केबल लावली, तरी फरक पडला नाही.

पेडलबोर्ड काही पाठवतो तरी आहे का? मिडीचा प्रवाह पाच पिनांपैकी ४ आणि ५ या पिनांतून वाहतो. केबलच्या मोकळ्या टोकाला त्या दोन पिनांमध्ये एक साधा एल.ई.डी. लावला. त्याचे धन टोक ४ कडे, ऋण टोक ५ कडे. दिवे मालवून बटण दाबले. अगदी क्षीण लुकलुक दिसली, पुन्हा दाबले तर पुन्हा दिसली. पेडलबोर्ड बोलत होता.

बोलणारा बोलतो आहे, ऐकणाऱ्याचे कामही नीट चालते, तरी उत्तर नाही. अशा वेळी शंका यावी ती नावाची. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या हजेरी क्रमांक १ वर वाट पाहत होता. पेडलबोर्डची मांडणी उघडून पाहिली, तर तो क्रमांक २ ला हाका मारत होता. पेडलबोर्डचा क्रमांक १ केला, बटण दाबले आणि रिलेचा बारीक ‘टक्’ आवाज आला. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. पण क्षणभरच.

दुसरा दोष

पहिले बटण दाबल्यावर दुसरे चॅनेल लागले होते. दुसऱ्याने तिसरे, तिसऱ्याने चौथे. चौथ्या बटणाने काहीच होत नव्हते.

“सर, पहिल्या दिवशी असंच होत होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर मी ते चॅनेल एकाने बदललं!”

सगळी गोष्ट या वाक्यात होती. अ‍ॅम्प्लिफायरचे चॅनेल एकाने पुढे जाते, तेव्हा पेडलबोर्डवर ‘चॅनेल’ असे लिहिले आहे तेथे एक आकडा बदलून पाहावा, हा त्याचा तर्क गैर नव्हता. फक्त तो शब्द दुसऱ्याच गोष्टीचे नाव होते. पहिला दोष दुरुस्त करताना त्याने दुसरा घडवला आणि या दुसऱ्याने पहिल्याला पूर्ण झाकून टाकले. दुकानदारापुढे गेला तो फक्त मुका अ‍ॅम्प्लिफायर.

मग मुळात एकाचा फरक का? तारेतून क्रमांक जातात ते ० ते १२७. करारात तारेतून काय जाईल हे काटेकोर ठरले. परंतु यंत्राच्या पडद्यावर माणसाला कोणता आकडा दाखवायचा, हे उत्पादकावर राहिले. काहींनी तारेतला आकडाच दाखवला, ० ते १२७. काहींना वाटले की माणूस एकापासून मोजतो, म्हणून त्यांनी १ ते १२८ दाखवले. आमचा पेडलबोर्ड पहिल्या पंथाचा होता, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. पेडलबोर्डच्या पडद्यावरचा १ तारेत १ म्हणूनच जाई, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला २ म्हणून वाची. चौथ्या बटणाचा क्रमांक अ‍ॅम्प्लिफायरच्या लेखी ५ होता आणि ५ ला कोणतेच चॅनेल नेमलेले नव्हते. बटणांना ०, १, २, ३ असे क्रमांक दिले आणि चारही चॅनेल जागेवर आले. दोन्ही यंत्रे खरे बोलत होती. ती मोजायला वेगवेगळ्या ठिकाणापासून सुरुवात करत होती, इतकेच. मूग यांच्या काळातल्या दोन व्होल्टच्या हिशेबांची आठवण यावी, असाच हा प्रकार.

उरलेली शांतता

या करारावर टीका करणे आज सोपे आहे. मात्र त्या पाच कंपन्यांनी प्रत्येक गोष्ट ठरवून मगच पुढे जायचे म्हटले असते, तर करार झाला असता की नाही, याची शंका वाटते. जेवढे ठरले तेवढे मात्र पक्के ठरले. म्हणून १९८३ चे वाद्य आणि आजचा पेडलबोर्ड त्याच भाषेत बोलू शकतात. काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ मध्ये या कामासाठी तांत्रिक कामगिरीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. काकेहाशी २०१७ मध्ये आणि स्मिथ २०२२ मध्ये निवर्तले. जानेवारी २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. तिच्यातला एक मुख्य बदल हा, की यंत्रांनी दोन्ही दिशांनी बोलावे, ‘मला काय काय समजते’ हे एकमेकांना विचारावे व सांगावे. सदतीस वर्षांनी हजेरीला ‘हजर’ म्हणण्याची सोय झाली. जुन्या यंत्रांशी जुन्याच भाषेत बोलण्याची मुभाही राखली गेली.

शिक्षकांना वर्गात हा इतिहास करून पाहता येईल. पाच मुलांना ओळीने उभे करावे आणि प्रत्येकाला एक हजेरी क्रमांक द्यावा. बाहेरच्या एका मुलाने क्रमांक पुकारावा आणि सोबत एक आकडा सांगावा. त्या क्रमांकाच्या मुलाने तेवढी बोटे वर करावीत, पण तोंडाने काहीही बोलू नये. मग एका मुलाला गुपचूप सांगावे, ‘तू शून्यापासून मोज’, आणि दुसऱ्याचा हजेरी क्रमांक बदलावा. दोष कोणात आहे हे बाकीच्या वर्गाने शोधावे. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एल.ई.डी.ची चाचणीही करता येईल, कारण पेडलबोर्डच्या मिडी तारेत अवघे ५ व्होल्ट असतात. अ‍ॅम्प्लिफायरची पेटी मात्र कधीही उघडू नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते धारित्रांमध्ये टिकून राहतात.

स्नेहसंमेलनात अ‍ॅम्प्लिफायर नीट चालला. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी पेडलबोर्ड घेऊन पुन्हा आला. त्याने चारही बटणांशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले होते आणि प्रत्येकावर दोन आकडे लिहिले होते. वर पेडलबोर्डचा, खाली अ‍ॅम्प्लिफायरचा.